बालेकिल्ला कोणाचा ते नंतर बघू, आधी नकाशा छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुम्ही ठाणे लोकसभेचा इतिहास छापलात, अर्धं पान, वर रंगीत तक्ता, वर्ष, खासदार, पक्ष आणि प्रत्येक पक्षाचा रंग. हेडिंग होतं शिवसेनेचा बालेकिल्ला, आणि खाली एका ओळीत २००९ चा अपवाद वगळता वगैरे. आमच्या पारसिक नगरच्या बाकड्यावर त्यावरून दोन दिवस वाद झाला, एक जण उठून गेला तो अजून आलेला नाही. म्हणून म्हटलं पत्र लिहूनच टाकू. टाइप करायची सवय नाही, लांबलं तर कात्री लावा पण नकाशाचा मुद्दा कापू नका प्लीज.

आधी माझं सांगतो. मी कळव्यात राहतो, गेली तीस एक वर्षं. घरपट्टी ठाणे महापालिकेला भरतो, पाणी ठाण्याचं, बस टीएमटीची, नगरसेवक ठाण्याच्या सभागृहात बसतो, पत्त्यात शेवटी ठाणे लिहितो. आणि खासदार कल्याणचा. हे २००९ पासून असंच आहे, आणि मी पैज लावतो की आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना आजही हे माहीत नाहीये.

मला स्वतःला पण तेव्हा माहीत नव्हतं, लपवण्यात काय अर्थ आहे. ३० एप्रिल २००९, मरणाचा उकाडा, शाळेत मतदान, बाहेर तासभर रांग. महिनाभर ठाण्याला कामावर जाता येता स्टेशनबाहेर रिक्षावरचे भोंगे ऐकत होतो, राष्ट्रवादीचे संजीव नाईक, सेनेचे विजय चौगुले, मनसेचे राजन राजे, तिघांच्या घोषणा पाठ झाल्या होत्या. माझं ठरलेलं पण होतं. आत गेलो, शाई लावली, मशीनसमोर उभा राहिलो तर त्यातलं एक नाव नाही! राष्ट्रवादीचे वसंत डावखरे आहेत, सेनेचे आनंद परांजपे आहेत, मनसेच्या वैशाली दरेकर आहेत. मला वाटलं चुकीच्या खोलीत आलो. तिथल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या काका हे कल्याण लोकसभा आहे, बटण दाबा, मागे लाइन आहे. आता डावखरे ठाण्याचे, परांजपे पण ठाण्याचेच, म्हणजे दोन ठाणेकर कल्याणच्या नावाने भांडतायत आणि ठाण्याच्या हद्दीतला मी कल्याणचा मतदार होऊन ते बघतोय. बटण दाबलं आणि बाहेर आलो. कोणतं दाबलं ते बायकोला पण सांगितलेलं नाही.

तर तुमच्या तक्त्यात २००९ ला जो अपवाद दाखवलाय ना, तिथेच सगळी गंमत आहे साहेब. २००८ पर्यंत ठाणे लोकसभा म्हणजे अवाढव्य प्रकरण होतं, देशातल्या मोठ्यातल्या मोठ्या मतदारसंघांमध्ये नाव घ्यायचे. ठाणे शहर, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, वर नवी मुंबई, सगळ्यांना मिळून एक खासदार. मग २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची पुनर्रचना झाली, ती २००८ मध्ये लागू झाली आणि या अगडबंब ठाण्याचे तुकडे पडले. कल्याण नावाची नवी जागा निघाली, भिवंडी नावाची पण निघाली. नव्या ठाण्यात मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर. कळवा-मुंब्रा उचलून कल्याणला टाकला.

आता बघा, २००८ मध्येच पोटनिवडणूक झाली होती, सेनेचे खासदार प्रकाश परांजपे वारल्यामुळे. ती जुन्या हद्दीवर झाली, कारण लोकसभा जुनी होती, आणि त्यात त्यांचे चिरंजीव आनंद परांजपे संजीव नाईकांना हरवून निवडून आले. वर्षभरात नवा नकाशा आला. परांजपे कल्याणला गेले आणि तिथे डावखरेंना साधारण २४ हजारांनी हरवून पुन्हा खासदार झाले. इकडे ठाण्यात नाईकांनी चौगुलेंना साधारण ४९ हजारांनी पाडलं. म्हणजे जुन्या ठाण्याचा एक मोठा तुकडा सेनेकडेच राहिला, फक्त त्यावर पाटी कल्याणची लागली! तुमच्या तक्त्यात मात्र कल्याण नाहीच, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की ठाणेकरांनी एका वर्षात मत फिरवलं. मत थोडंफार फिरलं असेलही, पण आधी जमीन फिरली होती. डोंबिवली कल्याणची मतं बाजूला गेली आणि नवी मुंबईचं वजन वाढलं, जिथे नाईकांचं घर म्हणजे काय चीज आहे ते तुम्हाला मी सांगायला नको, संजीव नाईक तिथले पहिले महापौर. आणि मनसे होतीच, राजन राजेंनी एक लाख तीस हजाराच्या वर मतं घेतली, पराभवाच्या फरकाच्या अडीच पटीहून जास्त. ही तीन कारणं एकमेकांत अडकलेली आहेत, आणि तुम्ही सरळ अपवाद म्हणून मोकळे.

बरं, मागे जाऊ. तक्त्यात १९५२ पासून सलग रेघ ओढलीये. सलग कुठे आहे? १९६७ आणि १९७१ ला ठाणे नावाचा लोकसभा मतदारसंघच नव्हता, या बाजूला भिवंडी नावाची जागा होती. १९७७ ला ठाणे परत आलं आणि भिवंडी गायब झाली, ती ३२ वर्षांनी २००९ ला उगवली. त्याच्याही आधी १९५७ ला ठाण्यातून कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर निवडून आले होते, हे नव्या पोरांना सांगितलं तर हसतात. ठाण्यातून लाल बावटा?? पण तेव्हाचं ठाणे म्हणजे घोडबंदरचे टॉवर नव्हते. संयुक्त महाराष्ट्राची हवा होती, आणि शामराव-गोदावरी परुळेकरांचं नाव डहाणू तलासरीकडच्या वारली पाड्यांवर आजही निघतं. शिवाय तेव्हा काही मतदारसंघांतून दोन दोन खासदार जायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, ठाणे त्यातलंच, ती पद्धत नंतर १९६१ ला बंद झाली. आता त्या ठाण्याची आणि हिरानंदानी इस्टेटवाल्या ठाण्याची एकाच रेघेत तुलना करायची म्हणजे माझ्या आजोबांच्या गुडघ्याचा एक्सरे माझ्या फाइलला लावण्यासारखं आहे.

१९७७ ते १९९६ हा भाग तुम्ही दोन वाक्यात उरकलात त्याचं मला जास्त वाईट वाटलं. रामभाऊ म्हाळगी १९७७ ला जनता पक्षाकडून आले, ते ठीक, ती लाटच होती. पण १९८० ला इंदिराबाईंची लाट उलटी आली तरी ते टिकले. आणि गंमत म्हणजे ते निवडून आले जानेवारीत जनता पक्षाच्या तिकिटावर, आणि भाजप जन्माला आला त्याच वर्षी एप्रिलमध्ये. म्हणजे तुमचा रंग नक्की कोणता? मावळचे आमदार, पुण्यात शुक्रवार पेठेचे आमदार असा प्रवास करून हा माणूस ठाण्यात आला आणि ठाणेकरांनी दोनदा निवडून दिला. दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांना द्यायचे असं त्यांच्याबद्दल सांगतात, आणि उत्तनला त्यांच्या नावाची प्रबोधिनी आहे, जी योगायोगाने आजच्या ठाणे लोकसभेच्या अगदी समुद्राकडच्या टोकाला येते. १९८२ ला ते गेले, पोटनिवडणुकीत भाजपचे जगन्नाथ पाटील आले. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत काँग्रेसचे शांताराम घोलप, त्या वर्षी भाजपच्या देशभरात मिळून दोनच जागा आल्या होत्या त्यामुळे ठाण्याला वेगळा दोष देण्यात अर्थ नाही. मग १९८९ आणि १९९१ ला प्रा. राम कापसे, कल्याणचे.

आणि १९९६ ला तुमच्या तक्त्यात भगव्याची छटा बदलते, भाजपच्या जागी सेना. आमच्या शेजारच्या पोराने, कॉलेजात राज्यशास्त्र शिकतो, तो तक्ता बघून मला विचारलं, काका ९६ ला भाजप कशामुळे हरली? अरे बाबा हरली नाही, लढलीच नाही! युतीत जागा बदलली. सेनेच्या आनंद दिघे साहेबांनी ती जागा सेनेकडे खेचली हे ठाण्यात शेंबडं पोर पण सांगेल, प्रकाश परांजपे उभे राहिले आणि ९६, ९८, ९९, २००४ असे चार वेळा निवडून आले. म्हणजे सलग दोनदा निवडून आलेल्या खासदाराच्या पक्षाने जागा सोडली, मतदार बहुतेक तेच, फक्त चिन्ह बदललं. हा सगळा प्रकार बंद खोलीत झाला आणि तुमच्या तक्त्यात तो जनतेचा कौल म्हणून दिसतो.

आता तुम्ही म्हणाल हे सगळे बारकावे कोण वाचतं. वाचतात हो. मी सांगतो बारकाव्याने काय होतं ते.

आमच्या सोसायटीने मध्यंतरी एक निवेदन केलं, कळव्याला फास्ट लोकल थांबवा म्हणून. तुम्हाला माहितीये कळव्याचं दुखणं, फास्ट गाडी आमच्या नाकासमोरून न थांबता निघून जाते आणि सकाळी ८ च्या सुमाराला स्लोमध्ये पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आमची पोरं कारशेडमधून निघणाऱ्या गाडीत चढायचे प्रकार करतात, जे करू नये. तर निवेदन मीच लिहिलं. मायना, मा. खासदार, ठाणे लोकसभा. सहा मजले चढून उतरून ६४ सह्या गोळा केल्या, झेरॉक्स काढल्या, वर सोसायटीचा शिक्का. सेक्रेटरीच्या मिसेसनी चहा देता देता कागद बघितला आणि म्हणाल्या, अहो पण आपण कल्याणमध्ये येतो ना? सगळे गप्प. मग मायना बदलला, पण सह्यांच्या कागदावर पण वर ठाणे लोकसभा छापलेलं, म्हणून परत ६४ सह्या. दुसऱ्या वेळी ५१ च मिळाल्या, बाकीचे म्हणाले एकदा केलीये की. आणि २००९ ला मशीनसमोर गडबडलेला मीच परत तोच घोळ घालतो, आता काय बोलायचं.

कधी ठाण्याहून ऐरोलीला रस्त्याने जाऊन बघा. दोन्ही एकाच लोकसभेत. खाडीपूल ओलांडला की कळवा नाका, इथे लोकसभा बदलली, कल्याण. पुढे विटावा, त्या रेल्वेपुलाखाली जिथे पहिल्या पावसात कमरेएवढं पाणी साचतं, ते पण कल्याण. दिघा आलं की परत ठाणे. वीस मिनिटांच्या रस्त्यात दोनदा खासदार बदलतो. कळवा नको असेल तर मुलुंडवरून ऐरोलीच्या पुलाने जा, म्हणजे मुंबईच्या खासदाराच्या हद्दीतून. आपल्याच मतदारसंघाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायला शेजाऱ्याचं अंगण तुडवावं लागतं, जोडणारी काय ती मधली खाडी. प्रचारात उमेदवार काय करत असतील देव जाणे, भोंगा बंद करून कळवा क्रॉस करत असतील.

याच्यावरून आठवलं, माझी भाची शिकागोला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा हेच रडगाणं तिला ऐकवलं तर तिने मला कॉम्प्युटरवर इलिनॉय राज्याचा चौथा काँग्रेशनल डिस्ट्रिक्ट दाखवला. साहेब, हसून पोट दुखलं. थंडीत कानाला लावतात ती दोन गोंड्यांची पट्टी असते ना, त्याला तिकडे इअरमफ म्हणतात, तसाच्या तसा आकार होता तेव्हा आणि लोक त्याला त्याच नावाने ओळखायचे. उत्तरेला पोर्तो रिकन लोकांची वस्ती, दक्षिणेला मेक्सिकन लोकांची, मध्ये काळ्या लोकांची वस्ती असलेला दुसरा मतदारसंघ, आणि उत्तर दक्षिण जोडायला पश्चिमेकडून हायवेची एक चिंचोळी पट्टी, जिथे मतदार म्हणून फारसं कोणी राहतच नव्हतं! १९९० च्या जनगणनेनंतर तो असा आखला गेला. पण त्यामागे कारण होतं, स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांचा आपला एक तरी प्रतिनिधी जावा, १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा तो परिणाम. आणि गेला पण, लुईस गुटिएरेझ १९९२ ला निवडून आले ते २०१९ च्या जानेवारीपर्यंत. आता तिकडे पण बालेकिल्ला म्हणत असतील, पण भाची म्हणते तिकडच्या बातमीत इतिहास सांगताना आधी नकाशा येतो आणि मग पक्ष, कारण दर दहा वर्षांनी जनगणना झाली की रेघा नव्याने पडतात हे तिकडे सगळ्यांना माहीत असतं. १८१२ ला मॅसॅच्युसेट्सच्या गेरी नावाच्या गव्हर्नरने असाच वाकडातिकडा मतदारसंघ मंजूर केला, तो कोणाला सॅलॅमँडरसारखा दिसला, त्यावरून जेरीमँडर हा शब्दच पडला. तिकडे बऱ्याच राज्यांत सत्तेतला पक्षच रेघा ओढतो, त्यामुळे त्यांचे घोटाळे आपल्यापेक्षा मोठे. आपल्याकडे निदान स्वतंत्र आयोग आहे. मी तिकडचं गोडवे गायला बसलेलो नाही, नकाशा छापतात तेवढंच चांगलं म्हणतोय.

आपल्याकडे उलटं झालं. १९७६ ला घटनादुरुस्ती करून जागा गोठवल्या, आणि १९७७ ला पडलेल्या रेघा तीस वर्षं तशाच राहिल्या. आता या तीस वर्षांत इकडे काय काय झालं बघा! सिडको निघाली १९७० ला, १९७७ मध्ये वाशीत मोजक्या इमारती, ऐरोली घणसोली म्हणजे गावं, खाडीकाठ आणि ठाणे-बेलापूर रोडचे कारखाने. १९९२ ला तिथे आख्खी महापालिका उभी राहिली. डोंबिवली फुगली, उल्हासनगर फुगलं, ठाणे घोडबंदर रोडने वर वर सरकलं. एवढं सगळं एका खासदाराच्या पदरात. आणि मग २००८ ला एका फटक्यात तुकडे. त्या वेळी आयोगाने मसुदा काढला, हरकती मागवल्या, सुनावण्या घेतल्या, हे सगळं कायद्याप्रमाणे झालं. माझ्या ओळखीतला एक पण माणूस तिथे गेला नाही, मी पण नाही गेलो, कळलंच नाही. नंतर ओरडून उपयोग नसतो कारण घटनेच्या ३२९ कलमाने कोर्टाचा दरवाजा त्यासाठी जवळजवळ बंदच ठेवलाय.

किल्ल्याचंच म्हणाल तर कल्याणचा खराखुरा किल्ला म्हणजे दुर्गाडी, तो कल्याण पश्चिमेला आणि कल्याण पश्चिम आहे भिवंडी लोकसभेत. म्हणजे कल्याणचा किल्ला भिवंडीत, ठाण्याचा कळवा कल्याणात. आणि ठाण्याचा किल्ला म्हणाल तर त्यात सध्या सेंट्रल जेल आहे. हेडिंगमध्ये बालेकिल्ला लिहिताना जरा जपून.

२०१४ नंतरचं सगळ्यांना पाठ आहे म्हणून जास्त लिहीत नाही. राजन विचारे २०१४ ला २ लाख ८१ हजारांनी आणि २०१९ ला ४ लाख १२ हजारांनी आले, आणि २०१९ ला त्यांच्यासमोर हरलेले कोण तर आनंद परांजपे, राष्ट्रवादीकडून! ज्यांनी २००८ ला सेनेसाठी हीच जागा राखली तेच. मग २०२४, धनुष्यबाण नरेश म्हस्केंकडे आणि मशाल विचारेंकडे, म्हस्के २ लाख १७ हजारांनी जिंकले. तुमच्या तक्त्यात इथे पण सलग भगवा आणि कंसात शिंदे गट. सिटिंग खासदार दोन लाखांनी हरला आणि तक्त्यात रंग बदलत नाही, आणि ९६ ला कोणीच हरलं नाही तर रंग बदलतो! आमच्या बाकड्यावरचा तो जो उठून गेला ना, तो याच्यावरूनच गेला. तो म्हणत होता बालेकिल्ला राखला, दुसरा म्हणत होता बालेकिल्ला लुटला, आणि दोघं तुमचाच पेपर पुरावा म्हणून दाखवत होते. त्यातून मतदान जेमतेम ५२ टक्के, पंचवीस लाखांच्या आसपास मतदार असलेल्या मतदारसंघात. निम्मे घरीच बसले, किल्ला बिल्ला जे काय असेल ते बाकी निम्म्यांचं.

तर विनंती एवढीच. आता २०२७ ला जनगणना व्हायचीये, आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच गोठवणूक आहे म्हणजे कधी ना कधी पुन्हा रेघा पडणार. तेव्हा मसुदा निघाला की तो सरकारी भाषेतला गावांच्या आणि वॉर्ड नंबरांच्या यादीचा मजकूर न छापता मोठा नकाशा छापा, ज्यात कळवा नाका, विटावा, दिघा अशी माणसांना कळणारी नावं असतील, आणि हरकतीची शेवटची तारीख ठळक टाइपात. आणि तोपर्यंत तो रविवारचा तक्ता परत छापायची वेळ आली तर निदान तीन आडव्या जाड रेघा मारा, १९६७ ला एक, १९७७ ला एक, २००९ ला एक, आणि बाजूला लिहा की इथून पुढचं ठाणे वेगळं. शेजारी कल्याणचा तक्ता पण द्या. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्य एक रविवार गाळा, माझी हरकत नाही, बायकोची असेल.

फास्ट लोकलच्या निवेदनाचं उत्तर अजून आलेलं नाही. ५१ सह्यांचं.

आपला,
एक नियमित वाचक
कळवा, ठाणे (लोकसभेला कल्याण)